छापील नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव

आमच्या दुकानात घड्याळ एकच असतं, डबे तीन असतात. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला माहीत आहे, पण मी सांगितलेलं नाही. मुळात मी कमी बोलतो. गिऱ्हाइकाला वाटतं शेठ तोऱ्यात आहे. खरं म्हणजे मला पुढचं वाक्य सुचत नसतं. आयुष्यात एकदाच चारचौघांसमोर घडाघडा बोललो, आणि ते सगळंच्या सगळं खोटं होतं. त्याबद्दल लिहायचं म्हणून हा खटाटोप. संपादकांनी धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले होते. गमतीदार आहेत. फक्त ज्यांच्या जिवावर गंमत झाली त्यांना हसू आलं नाही. नावं बदलली आहेत. त्याचाही काही उपयोग नाही, आमच्याकडं बुंदी म्हटली की लोक आचारी ओळखतात.

दुकान बीडला, एसटी स्टँडपासून रिक्षा करायची लाज वाटावी एवढ्या अंतरावर. वडिलांच्या काळात तिथं लोलकाची घड्याळं, गजराची घड्याळं आणि रोज किल्ली द्यायची मनगटी घड्याळं असायची. मग सेलवाली आली. मग मोबाइल आला आणि लोकांची मनगटं रिकामी झाली. काही वर्षं मी कव्हरं आणि चार्जर विकून काढली. आणि मग हे स्मार्टवॉच अवतरलं. चौकोनी, काळं, रबरी पट्ट्याचं. मोबाइलला झालेलं पिल्लूच. पावलं मोजतं, नाडी बघतं, झोप मोजतं, असं डब्यावर लिहिलेलं असतं.

झोपेचं मला माहीत नाही. नाडीचं सांगतो. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी घड्याळ भाजीच्या पिशवीतल्या वांग्याला बांधलं. वांग्याची नाडी बहात्तर आली. माझ्यापेक्षा ठणठणीत. संध्याकाळी घरी त्याचं भरीत झालं तेव्हा पहिला घास जड गेला.

पावलांचंही तसंच. एका कारकुनाला डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं. त्यानं घड्याळ घेतलं आणि शेळीच्या पायात बांधलं. महिन्याभरानं तक्रार घेऊन आला.

"काका, पावलं भरपूर पडायलीत, पण वजन कावून कमी व्हईना?"

"शेळीचं बघितलं का?" मी विचारलं. तो रागावून गेला. घड्याळ मात्र परत केलं नाही.

आता डब्यांकडं येतो. माल बाहेरून येतो, बिनडब्याचा, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. डबे इकडं छापून घेतात. आमचे होलसेलवाले जब्बारभाई फोनवर विचारतात, "डब्बे पे कित्ता डालूं, सेठ?" चहात साखर किती टाकू विचारावं तसं. मी सांगतो: काही डब्यांवर दोन हजार नऊशे नव्व्याण्णव, काहींवर पाच हजार नऊशे नव्व्याण्णव आणि बाकीच्यांवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. घड्याळ तेच. विकायचा भाव तिन्हींचा पंधराशेच्या आत, मोठ्या डब्याला वर शंभर रुपये, कारण त्यात खाली स्पंज असतो. लहान डबा स्वतःसाठी. मधला वाढदिवसाला, नाहीतर पोरगा बारावी सुटला तर. मोठ्याला आम्ही 'लग्नाचा डबा' म्हणतो.

डब्यावर जिचं नाव असतं त्या कंपनीचा एक अधिकारी पुण्याहून यायचा, अद्वैत नावाचा. पोरगा हुशार, बोलणं गोड, शर्ट बीडच्या धुळीला न शोभणारा. एकदा त्यानं लॅपटॉप उघडून महाराष्ट्राचा नकाशा दाखवला. त्यात बीड लालभडक.

"सर, सगळ्यात जास्त डिस्काउंट तुमच्या जिल्ह्यात दिला जातो. पंच्याऐंशी टक्के! म्हणजे डिमांड वीक आहे का इथे?"

मी "हं" म्हणालो.

"आमचं मॉडेल तेच सांगतं. डिस्काउंट वाढला म्हणजे ग्राहक नाही."

मी पुन्हा "हं" म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं.

त्याला सांगायला हवं होतं ते आता सांगतो. भरतीच्या दिवसांत अकादमीतली पोरं येतात. पोलीस व्हायचं असतं, पहाटे मैदानात पळायचं असतं. ती डब्याकडं बघतही नाहीत. घाम लागला तर बंद पडतं का, एवढंच विचारतात. त्यांना मी लहान डबा देतो आणि सूट निम्मी. दुकानात माशा असतात तेव्हाचा हा भाव. लग्नसराई लागली की उभं राहायला जागा नसते, आणि तेव्हा सूट पंच्याऐंशी टक्के. म्हणजे गर्दी जास्त तेव्हा सूट जास्त. लोक घड्याळ घ्यायला येतच नाहीत, खोडलेला आकडा घ्यायला येतात. जो माल खरंच खपत नाही त्याला मी सूट लावत नाही; तो चार्जर घेणाऱ्याला फुकट देतो आणि त्याबद्दल कुणाशी बोलत नाही. ही विद्या मॉडेलात बसवायची तर अद्वैतला आमच्याकडचा एखादा टिळा बघावा लागला असता.

टिळा म्हणजे लग्नाआधी नवरदेवाच्या कपाळाला कुंकू लावून त्याचा मान करायचा. कपडे, अंगठी आणि घड्याळ. घड्याळ त्याच्या हाताला बांधतात, आणि डबा पाहुण्यांत फिरतो. घड्याळ कुणी बघत नाही. प्रत्येक जण डबा उलटा करतो, चष्मा वर-खाली करतो, बुडाशी चिकटवलेला आकडा वाचतो आणि शेजाऱ्याच्या हातात देतो. आकडा सगळी बैठक फिरून आला की मुलीच्या बापाचा जीव भांड्यात पडतो. म्हणून लग्नाचा डबा घेणारा प्रत्येक बाप मला दोन गोष्टी मागतो: सूट द्या, आणि दारातला सूट लिहिलेला बोर्ड काढून ठेवा. टिळ्यापासून लग्नाच्या अक्षता पडेपर्यंत. माझा बोर्ड सबंध हंगाम भिंतीकडं तोंड करून उभा असतो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

हे मी अजूनही करतो. लेख लिहून पावन व्हायचा विचार नाही.

तर भानूमामा. लिंबागणेशचे, लग्नांत स्वयंपाक करणारे आचारी. त्यांची मुलगी पूनम माझ्या दुकानासमोरच्या मेडिकलमध्ये कामाला होती. काउंटरवरून तिला माझा बोर्ड सरळ दिसायचा. कुणाचं लग्न कधी आहे ते ती माझ्या बोर्डावरून ओळखायची. "काका, आज बोर्ड आत? कोण नवरदेव?" असं रस्त्यापलीकडून ओरडायची. हसरी, तोंडाळ पोरगी.

एक दिवस भानूमामा दुकानात आले. सदऱ्याला हळद, अंगाला तळणाचा वास.

"शेठ, पोरीचं जमलं. वडवणीचं स्थळ हाय. पोरगं चांगलं हाय, ठिबकच्या नळ्याचं दुकान हाय त्याचं."

"अरे वा."

"मोठा डबा द्या."

"मामा, तुम्ही कशाला? मधला घ्या."

"मी चुलीपशी उभा राहून समद्यांच्या सोयरिकी बघितल्यात. पाव्हणे घड्याळाच्या तोंडाकडं बघत न्हाईत, डब्याच्या बुडाकडं बघतात. मोठाच द्या."

"स्टिकर राहू देऊ?"

"स्टिकर काढलं तर मंग राहिलं काय त्यात?"

मी डबा बांधला. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "आन बोर्ड, शेठ. अक्षदा पडस्तोर."

मी मान हलवली. माझं बोलणं एवढंच असतं. समोर मेडिकलच्या काउंटरवर पूनम हे सगळं बघत होती आणि तोंडावर ओढणी धरून हसत होती.

टिळा झाला. दुसऱ्याच दिवशी भानूमामा मुद्दाम सांगायला आले, की नवरदेवाच्या मामानं आकडा मोठ्यानं वाचला. "धा हजाराचं हाय, धा हजाराचं!" ते हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज लग्नघरातल्या माइकसारखा घुमत होता. मी बोर्ड आत ठेवलेला होताच.

मग अद्वैत आला. दुकानदारांसाठी गोव्याची सहल होती. त्यासाठी ठरलेला माल उचलायचा आणि शहरात मोठा फ्लेक्स लावायचा. खर्च कंपनीचा. मी विचारात पडलो. मला भानूमामांचं लग्न आठवत नव्हतं असं नाही. तारीख पाठ होती. पण मी मनाशी म्हटलं, शब्द बोर्डाचा दिलाय, फ्लेक्सचा नाही. माणूस स्वतःशी किती बारीक वकिली करू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. बीडच्या कोर्टात एवढी कुणी करत नसेल.

फ्लेक्स बार्शी नाक्यावर लागला. पाण्याच्या टाकीएवढं घड्याळ, त्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव लाल रेघेनं खोडलेले, खाली चौदाशे नव्व्याण्णव. आणि त्याच्याखाली हात जोडलेला माझा फोटो. आमच्याकडं फोटोशिवाय फ्लेक्स लावला तर लोक विचारतात, काही वाईट झालं का.

वडवणीहून लिंबागणेशला वऱ्हाड न्यायचं तर वाट बीडवरून, नाक्यावरून. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरीही लग्नाच्या दिवशी फोन वाजला तेव्हा मला वाटलं, भानूमामा जेवायला बोलावत असतील.

"शेठ, तुमी या."

"येतो की, संध्याकाळी..."

"आत्ता या. तुमच्या फोटूनं घात केला माझा." मागून मोठे आवाज येत होते. "नाक्यावर गाड्या अडकल्या. नवरदेवाच्या मामानं फ्लेक्स वाचला. मांडवात येऊन बसलाय रुसून. म्हणतो ही माणसं फसवी हायेत, अक्षदा पडू देत न्हाई. तुमी या आन सांगा."

"काय सांगू?"

"टिळ्याला पुऱ्या भावानं नेलं म्हणून सांगा. सूट आत्ता लागली म्हणा. एवढं करा शेठ. पोर बाशिंग बांधून बसलीय."

मोटारसायकल काढली आणि मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागलो. सगळी वाट डोक्यात एकच: टिळ्याला दहा हजाराचं असलेलं घड्याळ लग्नाला पंधराशेचं झालं कशामुळं? काहीतरी कारण पाहिजे. आणि मला अद्वैतचा नकाशा आठवला.

मांडवात शिरलो तर वाजंत्री गप्प, भटजी मोबाइल बघत बसलेले, पोरं खुर्च्यांवर उभी. नवरदेवाचा मामा कुठला ते विचारावं लागलं नाही. फेटा मांडीवर काढून ठेवलेला एकच माणूस होता.

"हे बघा, आले! फोटूतले!" तो ओरडला. "काय वो, नाक्यावर हात जोडून उभे होते ना? इथं बी जोडा!"

लोक हसले. मी हात जोडले. जोडायचेच होते.

"सांगा समद्यांदेखत. ह्या इवायानं, पोरीच्या बापानं, घड्याळ कितीला नेलं?"

भानूमामा खांबाला धरून उभे होते. मी म्हणालो, "पुऱ्या भावानं."

"मंग आता पंधराशेला कावून ईकायलेत? येडं समजलेत का आमाला?"

आणि मी बोलायला लागलो. कुठून शब्द येत होते कोण जाणे. "बाजार पडलाय," मी म्हणालो. "मागणीच राहिली नाही. कंपनीची गोडाऊनं भरलीत. लोकांकडं पैसा नाही, माल उठत नाही, म्हणून भाव पाडलाय. सूट लागली म्हणजे समजायचं, गिऱ्हाईक गेलं. तुमच्या टिळ्याला तेजी होती, तेव्हा एक रुपया कमी केला नव्हता मी."

मग मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजी सोयाबीनवानी?"

"सोयाबीनवानीच," मी म्हणालो.

झालं. जे मॉडेल मला कधी नीट कळलं नव्हतं ते सगळ्या मांडवाला एका दमात कळलं. माना हलल्या. "तेजीत घेतलं आन मंदीत घावलं, त्यात इवायाचा काय दोष?" असं कुणीतरी म्हणालं. "आपल्या मालाचं बी असंच हुतंय की," दुसरं म्हणालं. मामानं फेटा डोक्यावर ठेवला. वाजंत्री सुरू झाली. अक्षता पडल्या.

मी बुंदी दोनदा घेतली. भानूमामांनी वाढताना माझ्याकडं पाहिलं नाही. पूनमनं पाहिलं. बाशिंगाच्या मुंडावळ्यांतून तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिचा नवरा किशोर तिच्याकडं बघत होता. ती नजर आभाराची नव्हती. मला वाटलं, पोर दमलीय.

माझं भाषण कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. ते फिरलं. 'स्मार्टवॉचचा बाजार कोसळला, बीडच्या व्यापाऱ्याची कबुली', असं वर लिहून. एका क्लासच्या सरांनी ते पोरांना मंदी समजावून सांगायला दाखवलं. दुकानात माणसं यायची, घड्याळ हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. "राहू द्या काका, अजून पडू द्या भाव." अद्वैतचा फोन आला. मला वाटलं झापणार. तो आनंदात होता. "सर, म्हणजे आमचं मॉडेल बरोबर होतं!"

गोव्याला गेलो. समुद्रात गुडघ्यापर्यंत उतरलो. घड्याळ पाण्यात चालतं असं डब्यावर लिहिलेलं आहे, म्हणून आधी काढून खिशात ठेवलं.

नागपंचमीला पूनम माहेरी आली आणि रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली. मी म्हटलं, "बस की, काय घेतेस?"

ती बसली नाही. "काका, बाबांना घड्याळ कितीला दिलतं?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीतंय म्हणूनच वाटोळं झालंय."

मग तिनं सांगितलं. टिळ्याच्या दुसऱ्या दिवशी किशोरनं फोन केला होता, घड्याळ लई भारी आहे म्हणून. "मी म्हणले, पंधराशेचं हाय. समोरच्याच दुकानातलं, रोज बोर्ड बघते मी. बाबांना बोलू नका, पण तुमाला खोटं सांगून मला नांदायला यायचं न्हाई. ते लई हसले, काका. म्हणले, बरं झालं सांगितलंस, आता मी तुझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतो. आन मांडवात तुमी आले."

मी काउंटरची काच पुसायला लागलो.

"लग्नानंतर त्यांनी मी काय म्हणले ते घरात सांगितलं. आता आत्याबाई म्हणतात, व्यापारी माणूस भर मांडवात, अक्षदांसमोर खोटं बोलंल का? ही पोरगीच खोटी. माहेरची गरिबी दाखवती, फुडं दिवाळसणाला काही मागाय नको म्हणून." आत्याबाई म्हणजे तिची सासू, द्वारकाबाई. "भाजीत मीठ घातलंय म्हणले तरी म्हणतात, खरं का? घड्याळासारखं खरं?"

"आणि किशोर?"

"ते काही म्हणत न्हाईत. आधी मी काही बी बोलले की हसायचे. आता आधी माझ्या तोंडाकडं बघतात."

काच केव्हाच स्वच्छ झाली होती. मी पुसतच होतो.

"तुमी येऊन सांगा काका. एकदा. बाकी मी बघते."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. भानूमामांची अब्रू जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. कारण दिसायला चांगलं होतं म्हणून तेच वापरलं. खरं कारण लग्नाचा डबा होतं. वडवणीत जाऊन एकदा सांगितलं की आकडा आम्हीच सांगून छापून घेतो, तर ते तिथल्या आठवडी बाजारातून तालुकाभर होणार, आणि पुढच्या हंगामात बाप लोक माझ्याकडं कशाला येतील? एका पोरीचा शब्द आणि माझा हंगाम, असं ते तागडं होतं, आणि मी रोज सकाळी शटर उघडून कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवत होतो. बायको एकदा जेवताना म्हणाली, "त्या पूनमकडं जाऊन आले का?" तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. "जायचंय," म्हटलं. "तुमचं जायचंय म्हंजी दुकानातली सूट," ती म्हणाली, "कायम चालू."

शेवटी भानूमामाच आले. दिवाळी होऊन गेली होती. या वेळी सदऱ्याला हळद नव्हती. धुतलेला घालून आले होते.

"शेठ, पोर दिवाळीला आलती. बुंदी केलती तिच्यासाठी, हात लावला न्हाई. तिच्या आईनं खोदून विचारलं तवा कळलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमी जाऊन खरं सांगून टाका."

"मामा, तुमचं नाक जाईल."

"जाऊ द्या. बुंदीचा पाक मला बोटाला कळतो, नाकाला न्हाई."

मी तिन्ही प्रकारचे डबे पिशवीत घातले आणि वडवणीला गेलो.

घर नीटनेटकं, अंगणात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. किशोर होता, द्वारकाबाई होत्या. पूनम पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली, माझ्याकडं न बघता.

"हात जोडणारे पाव्हणे आले," द्वारकाबाई म्हणाल्या. "काय, अजून पडला का भाव?"

मी सांगायला सुरुवात केली. मांडवात जेवढं घडाघडा बोललो होतो तेवढंच इथं अडखळलो. भाव कधीच पडला नव्हता. टिळ्याच्या आधीही पंधराशेच होता. पूनम खरं बोलली. मी खोटं बोललो. वाक्यं एवढीच होती, पण मधे मधे पाणी प्यावं लागलं.

द्वारकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सुनंनं पढवून पाठवलं का तुमाला? कितीला पटवलं? का तुमच्यावर बी सूट हाय?"

आयुष्यात एवढा योग्य अपमान माझा कुणी केला नाही. मी पिढीजात दुकानदार, माझ्या भावावर कुणी विश्वास ठेवेना. आणि चूक त्या बाईची नव्हती. खोटं इतकं चांगलं बोललो होतो की आता खऱ्याला जागाच उरली नव्हती.

मी तिन्ही डबे काढून सतरंजीवर मांडले. "किशोरराव, घड्याळ द्या."

त्याच्या हातातच होतं. त्यानं काढून दिलं. मी ते लहान डब्यात बसवलं. बसलं. काढून मधल्यात बसवलं. बसलं. मग मोठ्यात, स्पंजावर. तिन्ही डबे उघडे, पालथे, उलटेसुलटे करून समोर ठेवले. "आकडा आम्ही सांगतो तो छापतात," मी म्हणालो. "तुम्ही सांगितला असता तर तुमचा छापला असता."

द्वारकाबाईंनी कोनाड्यातून चष्मा आणला. एकेका डब्याचं बूड वाचलं. मग स्वतःच्या हातानं घड्याळ एका डब्यातून दुसऱ्यात घालून बघितलं. किशोर उठला आणि आत गेला. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. ऐकू येण्यासारखं बोललेच नाहीत.

"म्हंजी आमच्या भावानं मांडवात उगं तमाशा केला," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हो."

"आन तुमी त्याच्यावर कळस चढवला."

"हो."

त्यांनी मान आतल्या दाराकडं वळवली आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सूनबाईचं खरं हाय!" मग पुन्हा माझ्याकडं वळून आवाज खाली आणला. मोठा डबा अजून त्यांच्या मांडीवरच होता. "पाव्हणे, हा एक ठिवून जाता का?"

"कशाला?"

"त्याच भावाच्या पोरीचं जमलंय. टिळा हाय फुडल्या महिन्यात. तिकडची माणसं लई चौकशा करणारी हायेत." त्या अजून थोड्या वाकल्या. "तेवढं बोर्डाचं बी बगा."

मी बाकीचे दोन डबे पिशवीत भरायला लागलो. तेवढ्यात पूनम चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलेलं होतं. सासूपुढं कप ठेवला, माझ्यापुढं ठेवला.

"द्या की काका डबा," ती म्हणाली. "ह्यांच्या मामांनी मांडवातून फोन केला तर मात्र उचलू नका."

द्वारकाबाईंनी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं, आणि बशीत चहा ओतता ओतता त्यांच्या तोंडाचा कोपरा वाकडा झाला. पूनम माझ्यासमोर उभीच होती.

"खरं सांगा, चहा बरा झालाय का?"

मी एक घोट घेतला. "साखर कमी आहे," मी म्हणालो.

आतल्या दारात उभा असलेला किशोर मोठ्यानं हसला.